कायद्याच्या मसुद्यावर हरकती-सूचना कशा पाठवायच्या? पहिल्यांदाच पाठवणाऱ्यांसाठी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर किंवा एखाद्या खात्याच्या वेबसाइटवर एक ओळ येते: ‘प्रारूप नियमांवर हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.’ आपण वाचतो आणि पुढे जातो. काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा पुढे न जाता थांबले. एका खात्याच्या प्रारूप नियमांवर तीन पानी पत्र लिहिलं. गरिबांवर अन्याय होईल, वयस्कर माणसांचे हाल होतील, सरकारने फेरविचार करावा, असं सगळं त्यात मनापासून लिहिलं होतं. पोच आली नाही. अंतिम नियम आले तेव्हा प्रारूपातला एक स्वल्पविरामही हललेला नव्हता.

असं का झालं, ते एका निवृत्त कक्ष अधिकाऱ्यांनी समजावून सांगितलं. त्यांनी कागदावर चार रकाने आखले: अनुक्रमांक, नियम क्रमांक, आलेली सूचना, विभागाचा अभिप्राय. म्हणाले, “आमच्यासमोर हा तक्ता असतो. हजार मेल आले तरी शेवटी ते या तक्त्यात उतरवायचे असतात. ज्यात नियमाचा क्रमांक नाही, ते सगळं ‘सर्वसाधारण’ या एका ओळीत जातं आणि अभिप्रायात लिहितो, ‘नोंद घेतली’.” माझी तीन पानं त्या एका ओळीत गेली होती.

तेव्हापासून मी सूचना लिहिते ती तो तक्ता डोळ्यांसमोर ठेवून. खालचं सगळं त्यातूनच आलं आहे. तुम्हाला वकील असण्याची गरज नाही. दोन-तीन संध्याकाळी मात्र काढाव्या लागतील.

१. कोणतं दार उघडलंय ते आधी ओळखा

‘सरकारने सूचना मागवल्या’ असं आपण सरसकट म्हणतो, पण मागवणारे वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाची रीत वेगळी असते.

*केंद्रीय मंत्रालयाने टाकलेला विधेयकाचा मसुदा.* विधेयक संसदेत जाण्यापूर्वीचा हा टप्पा आहे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये विधानपूर्व सल्लामसलतीचं धोरण ठरवलं. त्यानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. सोबत कायद्याची गरज का आहे, खर्च किती येईल, पर्यावरणावर, मूलभूत हक्कांवर आणि लोकांच्या उपजीविकेवर काय परिणाम होईल, हे सोप्या भाषेत सांगणारी टिपणीही द्यायची असते. आलेल्या सूचनांचा गोषवारा वेबसाइटवर टाकणंही त्यात आहे. पण हे धोरण आहे, कायदा नाही. ३० दिवस देणं शक्य नसेल तर मंत्रालय तशी कारणं नोंदवून पुढे जाऊ शकतं. त्यामुळे ‘धोरण पाळलं नाही म्हणून विधेयक रद्द होईल’ या भरवशावर राहू नका.

*प्रारूप नियम.* माझ्या मते नवख्या माणसाने सुरुवात इथून करावी. कायदा संसद किंवा विधिमंडळ करतं, पण अर्ज कुठे द्यायचा, फी किती, कागद कोणते, हे सगळं नियमांत ठरतं आणि नियम खातं करतं. अनेक कायद्यांत ‘नियम पूर्वप्रसिद्धीनंतरच करावेत’ अशी अट असते. मोटार वाहन कायदा हे त्याचं ओळखीचं उदाहरण. केंद्रीय कायद्यात तशी अट असेल तर १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट) कलम २३ लागू होतं. खात्याने प्रारूप प्रसिद्ध करायचं, तारीख द्यायची आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती विचारात घ्यायच्या. इथे ‘विचारात घेणं’ ही मेहेरबानी नसून कायद्याने घातलेलं बंधन आहे. मान्य करण्याचं बंधन नाही, एवढं लक्षात ठेवा.

*संसदेची किंवा विधिमंडळाची समिती.* विधेयक सभागृहात मांडलं गेलं आणि समितीकडे पाठवलं, की समिती निवेदनं मागवते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये मांडल्यावर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, तेव्हा १२ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. विधेयक जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं. समितीने मजकुरात बदल सुचवले होते, त्यांपैकी एक असा की उद्देशातला ‘व्यक्ती’ हा शब्द जाऊन रोख संघटनांवर आला. ज्यांना विधेयकच नको होतं त्यांचं समाधान यातून झालं नाही. पण एका शब्दाने कायदा कुणावर चालतो हे बदलतं, ते इथे दिसतं.

*नियामक संस्था.* ट्राय (दूरसंचार नियामक), सेबी (शेअर बाजाराची नियामक) यांच्यासारख्या संस्था आधी प्रश्नांची यादी असलेलं सल्लामसलत पत्र काढतात. ट्रायकडे तर दुसरी फेरीही असते: आधी मतं, मग इतरांच्या मतांवर प्रतिमतं. मोठ्या कंपन्यांनी काय लिहिलं ते वाचून त्याला उत्तर द्यायची संधी सामान्य माणसाला क्वचित मिळते. ती इथे मिळते.

२. नोटीस पूर्ण वाचा. बातमीवर जाऊ नका

बातमीत बहुतेक वेळा शेवटची तारीख असते आणि तीही कधी चुकीची. मूळ नोटीस काढा. केंद्राची अधिसूचना ई-गॅझेटवर, राज्याची शासन राजपत्राच्या साइटवर आणि बहुधा त्या-त्या विभागाच्या ‘नवीन काय’ या जागी मिळते. मायगव्ह या केंद्राच्या पोर्टलवरही अनेक मसुदे चर्चेला येतात. सिव्हिस ही बिनसरकारी संस्था खुले मसुदे सोप्या भाषेत मांडते, आणि पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चवर विधेयकांचे सारांश मिळतात. या दोन्हींचा उपयोग मसुद्यापर्यंत पोहोचण्यासाठी करा, मसुद्याऐवजी नको.

नोटिशीत पाच गोष्टींवर खूण करा.

मुदत कधीपासून मोजली आहे? केंद्राच्या प्रारूप नियमांत अनेकदा ‘राजपत्राच्या प्रती जनतेस उपलब्ध झाल्याच्या दिनांकापासून ३० दिवस’ असं असतं. ती तारीख, अधिसूचनेवर छापलेली तारीख आणि वेबसाइटवर पीडीएफ चढवल्याची तारीख या तिन्ही वेगळ्या असू शकतात. मी सगळ्यांत आधीची धरते.

पत्ता कोणता? ईमेल, टपाल, की फक्त ऑनलाइन फॉर्म? जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचे प्रारूप नियम आले, तेव्हा मायगव्हवरच्या फॉर्ममध्ये नियमवार मत द्यायचं होतं. असा फॉर्म असेल तर मंत्र्यांच्या ट्विटखाली लिहिलेलं कितीही मुद्देसूद मत कुठेच मोजलं जात नाही.

भाषा कोणती? नमुना कोणता? प्रती किती? संसदेच्या समित्या सहसा इंग्रजी किंवा हिंदीत दोन प्रती मागतात. राज्याच्या खात्याला मराठीतच लिहा. केंद्राला लिहिताना मी मूळ मराठी आणि खाली इंग्रजी भाषांतर असं पाठवते. नुसतं मराठी पाठवायला तुम्हाला कुणी मनाई करत नाही, पण तक्ता भरणाऱ्या माणसाला ते वाचता आलं पाहिजे.

मुदत कमी वाटत असेल तर ते लगेच, वेगळ्या मेलने कळवा. मुदती वाढतात. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा २०२० चा मसुदा टाळेबंदीच्या दिवसांत आला. त्याची मुदत दिल्ली उच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवली आणि मसुद्याचे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत अनुवाद करायला सांगितलं. मात्र मुदत वाढेल या आशेवर लिहिणं पुढे ढकलू नका.

३. जवळ काय काय हवं

- मसुद्याची पीडीएफ, स्वतःच्या संगणकावर उतरवलेली. वेबसाइटवरची प्रत मागाहून बदलू किंवा नाहीशी होऊ शकते.
- नोटिशीचा स्क्रीनशॉट, तारखेसह.
- मूळ कायदा. केंद्राचे कायदे इंडिया कोड या सरकारी साइटवर मिळतात.
- आधीचे नियम असतील तर तेही.
- स्वतःचा चालू ईमेल. काही पोर्टलना मोबाइलवर ओटीपी लागतो.
- तुमच्या मुद्द्याचा पुरावा: नाकारलेला अर्ज, पावती, फोटो, शासन निर्णयाची प्रत.
- समितीला किंवा टपालाने पाठवायचं असेल तर प्रिंट आणि स्पीड पोस्टची पावती.

ओळखपत्राची प्रत मागितली नसेल तर जोडू नका. आधार क्रमांक तर नकोच.

४. मसुदा वाचायचा कसा

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला बसलात तर चौथ्या पानावर झोप येते. मी हा क्रम पाळते: आधी शेवटी असलेलं उद्देश व कारणांचं निवेदन, मग व्याख्या, मग दंड किंवा शिक्षा, मग अनुसूची आणि फॉर्मचे नमुने, आणि शेवटी मधलं सगळं. अनुसूची वगळू नका. त्रास होतो तो बहुतेक वेळा तिथल्या फॉर्ममधल्या एखाद्या रकान्याने.

दुरुस्ती विधेयक असेल तर ते एकटं वाचून काही कळत नाही. ‘कलम ७ मध्ये, “तीस दिवस” या शब्दांऐवजी “पंधरा दिवस” हे शब्द दाखल करण्यात येतील’ एवढंच लिहिलेलं असतं. मूळ कायदा शेजारी उघडा आणि ते कलम बदलासकट हाताने उतरवून काढा. कंटाळवाणं आहे, पण हाताने लिहिताना जे दिसतं ते वाचताना सुटतं.

काही शब्दांपाशी मात्र मुद्दाम थांबायचं.

‘करील’ आणि ‘करू शकेल’. ‘अधिकारी पंधरा दिवसांत निर्णय देईल’ हे बंधन झालं. ‘देऊ शकेल’ ही मुभा झाली. नागरिकावरची जबाबदारी ‘करील’मध्ये आणि अधिकाऱ्याची जबाबदारी ‘करू शकेल’मध्ये असं दिसलं, की तिथे खूण करा.

‘म्हणजे’ आणि ‘यात समावेश होतो’. व्याख्येत ‘कुटुंब म्हणजे पती, पत्नी व मुले’ असेल तर यादी तिथे संपली. ‘कुटुंबात पती, पत्नी व मुले यांचा समावेश होतो’ असेल तर इतरांना जागा आहे. आईवडील, एकटी बहीण, दत्तक मूल यांचं काय होणार ते एवढ्या फरकावर ठरतं.

‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’. याचा अर्थ, हे आत्ता सांगत नाही, मागाहून नियमांत ठरवू. महत्त्वाची गोष्ट अशी ढकललेली दिसली तर ‘हे मूळ कायद्यातच लिहा’ अशी सूचना करता येते.

‘आणि’, ‘किंवा’. कागदपत्रांच्या यादीत दोन कागदांमध्ये ‘आणि’ असेल तर दोन्ही लागणार.

‘परंतु’ने सुरू होणारं वाक्य, म्हणजे परंतुक. सूट तिथे असते आणि सूट काढूनही तिथेच घेतलेली असते.

आणखी एक गोष्ट, जी मला बरीच उशिरा कळली. राज्याच्या विधेयकाचा मराठी मजकूर आणि इंग्रजी मजकूर दोन्ही पाहा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८(३) नुसार राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद प्राधिकृत मानला जातो. दोन्हींत फरक दिसला तर तो फरक दाखवून देणं हीच एक उत्तम सूचना आहे, आणि ती नाकारणं खात्याला अवघड जातं.

५. सूचना लिहिणं

एका सूचनेत एकच मुद्दा. सात मुद्दे असतील तर सात सूचना, प्रत्येकीला क्रमांक. आणि प्रत्येक सूचनेचे चार भाग: नियम क्रमांक, मसुद्यातले शब्द जसेच्या तसे, तुम्हाला हवे असलेले शब्द, कारण.

माझं खरं उदाहरण देते. एका प्रमाणपत्रासाठीच्या प्रारूप नियमांत ‘अर्जदाराची बायोमेट्रिक पडताळणी अनिवार्य राहील’ असं वाक्य होतं. माझ्या मावशीने चाळीस वर्षं शिवणकाम केलं. तिचा अंगठा मशीनवर उमटत नाही. ऑपरेटर ओल्या फडक्याने बोट पुसतो, दाबून धरतो, दुसरं बोट ठेवायला सांगतो, आणि पडद्यावर तेच लाल अक्षर परत येतं. पूर्वीची मी असते तर त्या लाल अक्षरावर दीड पान लिहिलं असतं. या वेळी असं लिहिलं:

> सूचना क्र. २
> नियम: नियम ६, पोटनियम (३)
> मसुद्यातील शब्द: “अर्जदाराची बायोमेट्रिक पडताळणी अनिवार्य राहील.”
> सुचवलेला बदल: वरील वाक्यानंतर पुढील परंतुक जोडावे: “परंतु, ज्या अर्जदाराचे बोटांचे ठसे उमटत नाहीत, त्याची पडताळणी ओटीपीद्वारे किंवा छायाचित्र असलेल्या शासकीय ओळखपत्राच्या आधारे करण्यात येईल, आणि केवळ ठसे उमटत नसल्याच्या कारणावरून अर्ज नाकारण्यात येणार नाही.”
> कारण: वय, हातकाम किंवा आजार यांमुळे ठसे पुसट होतात. माझ्या ६७ वर्षांच्या नातेवाईक महिलेचा, व्यवसाय शिवणकाम, ठसा तीन वेगवेगळ्या दिवशी घेऊनही जुळला नाही. पावत्यांच्या प्रती सोबत. पर्यायी व्यवस्था नसल्यास पात्र व्यक्ती केवळ यंत्रामुळे वंचित राहते.

लाल अक्षर इथे कुठेच नाही, पण मावशी आहे. अधिकाऱ्याला हे उचलून तक्त्यात ठेवायला दोन मिनिटं लागतात. मुख्य म्हणजे ‘काय करावं’ हे त्याला शोधावं लागत नाही, तयार वाक्य समोर असतं. तुमचं वाक्य कायद्याच्या भाषेत अगदी बसलं नाही तरी चालतं. मसुदा लिहिणारे ते बसवून घेतात. पण वाक्य हवंच.

कारण लिहिताना स्वतःला माहीत आहे तेवढंच लिहा. ‘लाखो लोकांना त्रास होईल’ याला अभिप्राय येतो, ‘आधार नाही’. ‘अमुक तारखेला, अमुक कामासाठी गेलो, हे झालं’ याला तसं म्हणता येत नाही. तुम्ही रिक्षा चालवता, पाळणाघर चालवता, शाळेत शिकवता, तर तुमच्या कामातला नेमका तपशील मंत्रालयात बसलेल्या माणसाकडे नसतो. सूचना मागवण्याचं निम्मं कारण तेच आहे.

जे पटलं तेही लिहा. हे शिष्टाचार म्हणून सांगत नाही. एखाद्या चांगल्या तरतुदीला दुसरीकडून जोरदार विरोध होत असतो, आणि तिच्या बाजूने एकही ओळ आली नाही तर तक्त्यात फक्त विरोध दिसतो. ‘नियम ९ आहे तसाच ठेवावा, कारण…’ ही पूर्ण सूचना आहे.

संपूर्ण मसुद्यालाच विरोध असेल तर तो पहिल्या परिच्छेदात स्पष्ट लिहा आणि तरीही पुढे कलमवार सूचना द्या. ‘विधेयक मागे घ्यावं, मागे घेतलं जाणार नसेल तर किमान पुढील बदल करावेत’ असं लिहिलं म्हणजे तुम्ही विधेयक मान्य केलं असं होत नाही. हा गैरसमज मी चळवळीतल्या अनुभवी माणसांतही पाहिला आहे आणि त्यापायी चांगले मुद्दे नुसते नकारात वाया गेलेले पाहिले आहेत.

६. तयार मेल पुढे ढकलण्याआधी

व्हॉट्सअ‍ॅपवर तयार मजकूर येतो: ‘हे कॉपी करा, या पत्त्यावर पाठवा.’ हेतू चांगला असतो. संख्येला वजन असतं हेही खरं. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या साइट आणि अ‍ॅपना समान वागणूक मिळण्याच्या, प्रश्नावर ट्रायकडे लाखो मेल गेले आणि विषय घराघरांत पोहोचला. पण त्याच वर्षाच्या शेवटी डेटा सेवांच्या वेगवेगळ्या दरांविषयी ट्रायने प्रश्न विचारले, तेव्हा फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ला (निवडक वेबसाइट मोफत देणारी योजना) पाठिंबा देणारे साचेबंद प्रतिसाद लाखोंनी आले, आणि ट्रायला सांगावं लागलं की विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यांत नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने भेदभाव करणाऱ्या दरांवर बंदी घातली. पाठिंब्याच्या मेलची संख्या तिथे कामाला आली नाही.

तेव्हा तयार मजकूर आवडला तर पाठवा, पण त्यात निदान एक परिच्छेद स्वतःचा घाला: तुम्ही कोण, हा नियम तुम्हाला कुठे लागतो. दुसऱ्याच्या नावाने, न विचारता, कधीही पाठवू नका. घरातल्या माणसाच्या नावानेसुद्धा नाही.

सोसायटी, बचत गट किंवा संघटना म्हणून पाठवत असाल तर बैठकीत ठराव करा आणि ठरावाची प्रत जोडा. एका ठरावाखाली चाळीस सह्या आणि चाळीस वेगळे मेल यांत मी चाळीस वेगळ्या अनुभवांचे मेल निवडीन, पण अनुभव एकच असेल तर ठराव बरा.

७. पाठवणं

शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. मी एकदा शेवटच्या संध्याकाळी पाठवलेला मेल ‘प्राप्तकर्त्याचा मेलबॉक्स भरला आहे’ म्हणून परत आला. रात्रभर पुन्हा पुन्हा पाठवला, गेला नाही. तेव्हापासून मुदतीच्या चार दिवस आधी ईमेल करते, आणि पत्ता दिलेला असेल तर तेच स्पीड पोस्टनेही पाठवते. टपाल ‘पाठवल्याची’ नव्हे तर ‘पोहोचल्याची’ तारीख धरतात, हे लक्षात ठेवून दिवस मोजा.

विषयाच्या ओळीत अधिसूचना क्रमांक, दिनांक आणि ‘हरकती व सूचना’ हे शब्द. ‘अत्यंत महत्त्वाचे’ असं लिहू नका. मजकूर मेलमध्येही ठेवा आणि पीडीएफही जोडा. ती पीडीएफ स्कॅन केलेली नको. अधिकाऱ्याला मजकूर कॉपी करून तक्त्यात टाकता आला पाहिजे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हं दाखवते.

ऑनलाइन फॉर्म असेल तर आधी सगळं वेगळ्या फाइलमध्ये लिहा. फॉर्मला अक्षरमर्यादा असते, सत्र मध्येच संपतं आणि लिहिलेलं जातं. ‘सबमिट’ केल्यावर येणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. अनेकदा तेवढीच पोच असते.

८. नाव, पत्ता आणि गोपनीयता

यात दोन अगदी उलट्या गोष्टी आहेत, म्हणून वेगळं लिहिते.

खातं किंवा नियामक संस्था तुमचं मत जसंच्या तसं प्रसिद्ध करू शकते. २०१५ मध्ये ट्रायने आलेल्या प्रतिसादांसोबत पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्तेही वेबसाइटवर टाकले होते. त्यामुळे मजकुरात घरचा पत्ता, फोन, मुलांची नावं, आजाराचे तपशील घालू नका. संपर्काची माहिती मागितली असेल तर ती वेगळ्या पानावर द्या. मावशीचं नाव माझ्या सूचनेत नव्हतं. पावत्यांवरचंही मी झाकलं होतं.

संसदेच्या समितीला दिलेलं निवेदन मात्र समितीच्या अभिलेखाचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं. जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते निवेदन स्वतः फेसबुकवर टाकणं किंवा वर्तमानपत्राला देणं टाळा. त्याच विषयावर तुम्हाला लेख लिहायचा असेल तर तो स्वतंत्रपणे लिहा. समितीपुढे प्रत्यक्ष बोलायची इच्छा असेल तर तसं निवेदनात नमूद करा. बोलावणं समितीच्या मर्जीवर असतं.

९. पाठवल्यानंतर

इथे बहुतेक जण थांबतात.

पंधरा दिवसांत पोच आली नाही तर एक लहान मेल: ‘अमुक दिनांकाची माझी सूचना प्राप्त झाली का, कृपया कळवावे.’ उत्तर नाही आलं तरी तो मेल तुमच्या फाइलमध्ये राहतो.

अंतिम नियम किंवा अधिनियम प्रसिद्ध झाला की माहिती अधिकाराचा अर्ज करा. निर्णय होण्यापूर्वी मंत्रिमंडळाची टिपणी मागितलीत तर कलम ८(१)(झ) दाखवून नकार येईल, म्हणून निर्णय होईपर्यंत थांबा. फी १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. मी एवढंच मागते: ‘दि. … च्या प्रारूप अधिसूचनेवर प्राप्त हरकती व सूचनांचा संकलित तक्ता, त्यावरील विभागाच्या अभिप्रायांसह.’ ३० दिवसांत माहिती मिळायला हवी. नाही मिळाली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

तो तक्ता हातात आला की पुढच्या वेळी कसं लिहायचं ते कुठल्याही लेखापेक्षा चांगलं कळतं. कोणत्या सूचना मान्य झाल्या, कोणत्या ‘नोंद घेतली’मध्ये गेल्या, कुणाचे शब्द जसेच्या तसे उचलले गेले, सगळं दिसतं.

नियम असतील तर आणखी एक जागा आहे. केंद्राचे नियम संसदेपुढे ठेवावे लागतात आणि खात्यांनी केलेले नियम मूळ कायद्याच्या चौकटीत आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या समित्या लोकसभा आणि राज्यसभा दोन्हीकडे आहेत. नियम कायद्याच्या बाहेर जातो असं तुम्हाला वाटत असेल तर तिथे निवेदन पाठवता येतं.

वेळ किती लागतो याचा अंदाज बांधू नका. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २३ डिसेंबर २०१२ ला नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीकडे सुमारे ८० हजार सूचना आल्या. समितीने महिन्याभरात अहवाल दिला आणि २०१३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. डेटा संरक्षणाच्या नियमांवर मतं मागवली जानेवारी २०२५ मध्ये, अंतिम नियम आले त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. काही प्रारूपं वर्षानुवर्षं प्रारूपच राहतात.

माझ्या सूचना क्रमांक दोनचं काय झालं, ते मला अकरा महिन्यांनी राजपत्रात दिसलं. नियम ६(३) खाली परंतुक आलं होतं. शब्द माझे नव्हते, पण ठसे उमटत नसतील तर ओटीपी किंवा ओळखपत्र चालेल, हे आलं होतं. ‘केवळ या कारणावरून अर्ज नाकारण्यात येणार नाही’ हा दुसरा भाग नव्हता. माहिती अधिकारात मागवलेल्या तक्त्यात माझ्या ओळीपुढे लिहिलं होतं, ‘अंशतः मान्य’. त्या नियमाच्या पुढच्या दुरुस्तीचं प्रारूप निघेल तेव्हा पाठवायचा दुसरा भाग मी त्याच फोल्डरमध्ये, त्याच चार रकान्यांत लिहून ठेवला आहे.